टंगस्टनची टाकलेली खाण आणि शेजारचें शेत

आपल्या काळ्या दगडाच्या मुलखांत विंधन-विहीर पाडावयाची म्हटली म्हणजे यंत्राच्या दांड्याच्या टोकास एक जाड पोलादी तोंड बसवितात. बोअरवाले त्यास बिट म्हणतात. त्या तोंडावर वाटाण्याएवढे करडे दाणे जडविलेले असतात, आणि खडक फोडण्याचें खरें काम पोलाद करीत नाहीं, हे दाणे करितात. टंगस्टन या धातूचा कार्बनशीं संयोग करून व त्यांत कोबाल्टची थोडी भर घालून ते तयार होतात. तेव्हां ज्या शेतकऱ्यानें अलीकडच्या काळांत एक तरी बोअर पाडून घेतली आहे त्याचा या धातूशीं व्यवहार झालेलाच आहे. नांव मात्र त्याच्या कानीं आलेलें नसेल.

हा धातु ज्या दगडांतून निघतो तो दगड कसा असतो, त्याची खाण कशी चालते, आणि मुख्य म्हणजे ती कशी बंद पडते, याविषयीं या अंकीं लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. हेतु केवळ कुतूहलाचा नाहीं. २०२३ सालीं संसदेनें खाण-कायद्यांत दुरुस्ती करून चोवीस खनिजांची एक वेगळी यादी केली व त्यांच्या खाणींचे लिलाव करण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारकडे घेतला. त्या यादींत टंगस्टन आहे. आणि टंगस्टनचा दगड आमच्या नागपूर-भंडाऱ्याकडील कांहीं वाचकांच्या गांवांलगत आहे. कुही, खोबना, आगरगांव या पट्ट्यांत तो असल्याचें भूगर्भशास्त्रज्ञांस विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ठाऊक आहे. तेथें उद्यां काय होऊं शकेल हें जाणावयाचें तर जेथें तें एकदां होऊन गेलें आहे अशा ठिकाणाकडे पाहावें.

असें ठिकाण राजस्थानच्या नागौर जिल्ह्यांत डेगाना येथें आहे. नागोरी बैलांमुळें हा जिल्हा आपल्याकडील शेतकऱ्यांस नांवानें तरी परिचित आहे. जोधपूरहून फुलेऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर डेगाना हें जंक्शन असून त्याच्या जवळच रेवत नांवाची एक लहानशी टेकडी आहे. भोंवतालीं सपाट, वालुकामय, बहुतांशीं पावसावर अवलंबून असणारी जमीन. बाजरी आणि मूग हीं तेथील पिकें. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, हा भाग जोधपूर संस्थानांत असतां, या टेकडीच्या दगडांत टंगस्टनचें खनिज सांपडलें, आणि त्या युद्धांत व पुन्हां दुसऱ्या महायुद्धांत तें काढण्यांत आलें. स्वातंत्र्यानंतरही काम कमीअधिक चालूं राहिलें. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या आरंभीं तें थांबलें.

टेकडीच्या पोटांत हें खनिज आलें कसें? साखर-कारखाना पाहिलेल्या वाचकांस हें सहज समजेल. रस आटत जाऊन साखरेचे दाणे बनूं लागले म्हणजे ज्या द्रव्यांस त्या दाण्यांत जागा मिळत नाहीं तीं सर्व मळींत गोळा होतात. भूगर्भांत खोलवर वितळलेला खडक थिजून ग्रॅनाइट होतांनाही असेंच घडतें. थिजण्याचें काम बहुतेक संपत आलें म्हणजे शेवटीं थोडा पातळ, अतिशय उष्ण, पाणीदार रस उरतो. ज्यांस ग्रॅनाइटच्या दाण्यांत शिरतां आलें नाहीं अशीं टंगस्टन, लिथियम, फ्लोरीन वगैरे द्रव्यें त्यांत सांचलेलीं असतात. हा रस ग्रॅनाइटच्या माथ्यास व त्यावर झांकणासारख्या असलेल्या जुन्या, पानापानांच्या खडकास पडलेल्या भेगांत शिरतो. तेथें तो निवतो. भेगेंत गारेचा पांढरा दगड भरतो आणि त्या गारेंत मधूनमधून काळे, चपटे, जड असे खडे राहतात. हे खडे म्हणजे वुल्फ्रमाइट: लोखंड, मँगॅनीज व टंगस्टन यांचें संयुक्त खनिज. डेगान्याच्या शिरा अशाच आहेत. शिरेच्या दोन्ही अंगांस मूळ ग्रॅनाइटचा कायापालट होऊन त्याचे अभ्रक व गार झालेले असतात, आणि त्यांच्या संगतीस पुष्कराज, फ्लोराइट व लिथियम असलेलें एक अभ्रकही सांपडतें. फ्लोराइटचा उल्लेख वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पाण्याच्या प्रकरणीं त्याचें काम पडणार आहे.

या रचनेंतच खाणीचें आयुष्य लिहिलेलें असतें. द्रव्य सांचतें तें ग्रॅनाइटच्या माथ्याजवळ व भेगांपुरतें. भेग कोठें हातभर रुंद असते, कोठें बोटभर होते, आणि कोठें मिटून जाते. एका हातांत मूठभर काळे खडे निघतात आणि पुढचे दहा हात नुसती गार लागते. कोळशाच्या थरासारखी सलग, मोजून सांगतां येणारी अशी ही संपत्ति नव्हे. काळे खडे जेथें दिसतात तेथें खणावयाचें व जेथें संपतात तेथें थांबावयाचें, हीच अशा लहान खाणींची रीत. टेकडीच्या अंगावर लांबट चर घेतात, त्याखालीं एकाखालीं एक आडवे बोगदे घालतात, आणि बोगद्यांतून शिरेचा माग धरून वरच्या बाजूस पोखरीत जातात. हजारों वर्षांच्या ऊनपावसानें फुटून टेकडीच्या पायथ्याशीं जमलेल्या मुरमांतही जड खडे उरलेले असतात. तेव्हां तो मुरूमही खणून चाळतात. डेगान्यास हीं दोन्हीं प्रकारचीं कामें झालीं.

यापुढचें काम धान्य पाखडण्याहून तत्त्वतः निराळें नाहीं. गारेपेक्षां वुल्फ्रमाइट जवळजवळ पावणेतीनपट जड. दगड भरडून पाण्याच्या प्रवाहांत हलत्या तक्त्यावर सोडला म्हणजे हलकी गार वाहून जाते व जड दाणा मागें राहतो. वुल्फ्रमाइटास लोहचुंबकाचेंही थोडेंसें आकर्षण असल्यामुळें उरलेली निवड चुंबकानें करतां येते. अडचण अशी कीं हें खनिज ठिसूळ आहे. दगड जाड भरडावा तर दाणा गारेंत अडकून राहतो, बारीक भरडावा तर दाण्याचेंच पीठ होऊन पाण्याबरोबर निघून जातें.

आतां थोडा हिशेब करूं. डेगान्याच्या शिरांतील दगडांत टंगस्टनच्या ऑक्साइडचें प्रमाण शेंकडा ०.२५ ते ०.५४ व पायथ्याच्या मुरमांत सरासरी शेंकडा ०.०४ असल्याचें सरकारी खनिज-ग्रंथांत दिलेलें आहे. बाजारांत जें शुद्ध केलेलें खनिज विकलें जातें त्यांत सुमारें पासष्ट टक्के ऑक्साइड असावें लागतें. म्हणजे ०.२५ टक्क्यांच्या दगडापासून एक टन विकाऊ माल काढावयाचा तर, एक कणही वाया न जातां, दोनशें साठ टन दगड फोडला पाहिजे. बैलगाडीस दहा क्विंटल धरले तर दोनशें साठ गाड्या दगडांतून एक गाडी माल व दोनशें एकुणसाठ गाड्या भुकटी. मुरमाचा हिशेब केला तर एका गाडी मालास सोळाशेंहून अधिक गाड्या मुरूम उपसावा लागतो. या भुकटीचा उल्लेख खाणीच्या जमाखर्चांत एका ओळींत होतो. ती ज्या जमिनीवर पडते त्या जमिनीच्या जमाखर्चांत मात्र ती कायमची बाब असते.

मग अशी खाण चालते तरी कां? भाव असतो म्हणून. टंगस्टन मिसळलेलें पोलाद लाल होईपर्यंत तापलें तरी आपली धार सोडीत नाहीं. तोफा व यंत्रें झपाट्यानें कातावयाचीं तर तें पाहिजेच. पहिल्या महायुद्धापूर्वीं ब्रह्मदेशांतील टव्हॉयकडील खनिज मोठ्या प्रमाणांत जर्मनींत जाऊन तेथें त्याचा धातु होत असे. युद्ध पेटतांच ब्रिटिश सरकारास या व्यवहाराची जाग आली, आणि तेव्हां हिंदुस्थानच्याच राज्यकारभारांत असलेला ब्रह्मदेश जगांतील पहिल्या प्रतीचा पुरवठादार झाला. डेगान्यासारख्या लहान टेकड्यांकडे लक्ष गेलें तें याच धांदलींत. युद्ध संपलें, भाव कोसळला, लहान खाणी ओस पडल्या. दुसऱ्या महायुद्धांत पुन्हां भाव चढला, कोरियाच्या युद्धांत पुन्हां चढला. १९८० नंतरच्या दशकांत चीनचा स्वस्त माल बाजारांत आला तेव्हां जगांतील अनेक टंगस्टन-खाणींस टाळें लागलें. डेगानाही त्या लाटेंत गेलें. टेकडी तीच होती, शिरांतील काळे खडे तेच होते. भाव असेपर्यंत त्यास खनिज म्हणत होते, भाव गेल्यावर तो नुसता दगड झाला.

आणि आतां चाक पुन्हां फिरलें आहे. जगांतील टंगस्टनपैकीं सुमारें चार-पंचमांश एकट्या चीनमध्यें निघतो. २०२५ च्या फेब्रुवारींत चीननें त्याच्या निर्यातीवर निर्बंध घातले. भारत हा धातु जवळजवळ सर्वस्वीं बाहेरून आणतो. त्यामुळें जुन्या वहींतील प्रत्येक टेकडीचें नांव पुन्हां वाचलें जात आहे. डेगान्याचें नांव तर २०२३ च्या मे महिन्यांत वर्तमानपत्रांत गाजलेंही. तेथें लिथियमचा प्रचंड सांठा सांपडल्याची बातमी देशभर पसरली, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानें ती निराधार असल्याचें जाहीर केलें. अशा आवयांवर जमिनीचे सौदे होतात. ज्याच्याजवळ सात-बारा आहे त्यानें बातमीचा दुसरा दिवस उजाडेपर्यंत तरी सहीस थांबावें, एवढें येथें सांगून ठेवतों.

देशास टंगस्टन पाहिजे हें आम्हांस मान्य आहे. खाणींस सरसकट विरोध करणें हें आमचें मत नाहीं. ज्यास बोअरचें बिट पाहिजे त्यास टंगस्टनची खाण नको म्हणण्याचा अधिकार उरत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं अशा खाणीशीं करावयाचा करार तिच्या स्वभावास धरून असावा. टंगस्टनच्या लहान खाणीचा स्वभाव अल्पायुषी व लहरी आहे. ती खनिज संपण्याच्या आधींच, भाव उतरल्याच्या दिवशीं, बंद पडते, आणि त्या दिवशीं मालकाच्या पेटींत आवराआवरीस पैसा नसतो. पीक बुडालें तर शेतकरी पुढल्या हंगामीं दुसरें पेरतो. खाणीस दुसरें कांहीं पेरतां येत नाहीं. बोगदे उघडे राहतात, चरांत पाणी सांचून गुरें व पोरें पडण्याजोगे डोह होतात, आणि भुकटीचा ढीग वाऱ्यापावसाच्या स्वाधीन होतो.

कायद्यानें कांहींच सोय केलेली नाहीं असें नाहीं. २००३ पासून खाण बंद करण्याची योजना आधींच सादर करण्याचें व त्यासाठीं आर्थिक हमी देण्याचें बंधन आहे. परंतु त्यापूर्वीं ज्या खाणी टाकल्या गेल्या त्यांस हें कलम लागूं नव्हतें. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधि आहे. त्याचें मोजमाप स्वामित्वधनावर, आणि स्वामित्वधनाचें मालावर. जेथें दोनशें साठ गाड्या फोडून एक गाडी माल निघतो तेथें निधि मालाएवढाच लहान व उपद्रव दगडाएवढा मोठा असणार. मोठ्या लोह-खाणींसाठीं बेतलेला हा अंगरखा लहान टंगस्टन-खाणीस बसत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

जमिनीच्या मालकीविषयींही गैरसमज आहेत. केरळांतील एका प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं असा निर्णय दिला कीं कायद्यानें काढून घेतलेलें नसेल तर भूगर्भांतील खनिज जमीनमालकाचें. यावर कोणी महाराष्ट्रांत भिस्त ठेवूं नये. आपल्याकडे १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमानें खनिजांवरील हक्क राज्य सरकारकडे ठेवलेला आहे. तेव्हां खालच्या दगडाचा भाव मागण्यांत अर्थ नाहीं. मागावयाचें तें वरच्या जमिनीचें, आणि तो हक्क भक्कम आहे: १९५७ च्या खाण-कायद्यांतील २४-अ या कलमाप्रमाणें परवानेदारानें जमिनीवरील कब्जेदारास नुकसानभरपाई दिली पाहिजे, शोधाच्या कामांत, म्हणजे नुसतीं भोकें पाडून पाहण्याच्या कामांतही. आमची सूचना अशी कीं ही भरपाई एकदांच रकमेनें घेऊन जमीन विकून मोकळें होण्यापेक्षां शक्य तेथें जमीन वार्षिक भाड्यानें द्यावी, व भाडें खाण चालो वा न चालो, जमीन परत हातीं येईपर्यंत चालूं राहावें. मग बंद खाण लवकर आवरण्याची घाई शेतकऱ्याइतकीच खाणवाल्यासही होईल. जमीन विकून टाकली तर ढीग कोणाचा हा प्रश्न विचारावयासही कोणी उरत नाहीं.

दुसरी गोष्ट वरच्या मातीची. टेकडीवर माती नसते, पण भुकटी टाकण्याची जागा बहुधा पायथ्याच्या शेतांतच धरली जाते. तेथील वरची हात-दीड हात माती आधीं खरवडून वेगळी रचून ठेवावी, तिच्यावर गवत अथवा ताग पेरून ती जिवंत ठेवावी, आणि काम संपतांच ढिगावर पसरावी, अशी अट करारांत शब्दशः असावी. भरडलेल्या गारेच्या पिठांत ना ह्यूमस ना अन्नद्रव्य. त्यावर माती आल्याखेरीज दहा पावसाळे गेले तरी हरळीसुद्धां धरावयाची नाहीं.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचें पाणी. नागौर जिल्ह्यांत विहिरींच्या पाण्यांत फ्लोराइड अधिक असल्याची तक्रार फार जुनी आहे. एका लिटरांत दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेलें पाणी वर्षानुवर्षें पिण्यांत आलें कीं मुलांच्या दांतांवर डाग पडतात व पुढें सांधे आखडतात. ही व्याधि त्या जिल्ह्यांत खाणीपासून कोसच्या कोस दूर असलेल्या गांवांतही आहे. तिचा दोष भूगर्भाच्या सर्वसाधारण घडणीकडे जातो, आणि तो डेगान्याच्या टेकडीवर लादणें न्यायाचें होणार नाहीं. पण हें लक्षांत घ्या: त्या टेकडींत फ्लोराइट आहे, पुष्कराज आहे, दोहोंतही फ्लोरीन आहे. अशा टेकडीशेजारच्या विहिरींत उद्यां फ्लोराइड वाढलेलें आढळलें तर तें मुळांतलें कीं दगड भरडल्यामुळें आलेलें, हें कोण सांगणार? खाण सुरू होण्यापूर्वींच्या पाण्याची मोजणी हातीं असेल तरच सांगतां येईल. नसेल तर खाणवाला म्हणेल, पाणी पहिल्यापासूनच असें होतें. शेतकरी म्हणेल, नव्हतें. आणि पुरावा कोणाजवळच नसल्यामुळें निकाल अर्थात् ज्याचा वकील मोठा त्याच्या बाजूनें लागेल. टंगस्टनच्या शिरांत गंधकयुक्त धातुखनिजेंही पुष्कळदां असतात. भरडून उघड्यावर टाकलीं म्हणजे हवापाण्यानें त्यांचें आम्ल होतें व आम्लाबरोबर इतर धातु विरघळूं लागतात. जुन्या चरांत सांचलेलें पाणी निळेंशार व स्वच्छ दिसतें म्हणून तें मोट किंवा पंप लावून पिकास द्यावें, असें कोणी करूं नये; आधीं तपासून घ्यावें.

कुही-खोबना-आगरगांवच्या पट्ट्याविषयीं. येथील दगड साकोली नांवाच्या अतिप्राचीन खडकसमूहांतला. अभ्रकाचे पत्रेदार खडक, त्यांत गारेच्या शिरा, शिरांत वुल्फ्रमाइट. याच पट्ट्यांत टंगस्टनचें शीलाइट नांवाचें दुसरें खनिजही आहे. तें फिकट रंगाचें असल्यामुळें दिवसा साध्या दगडासारखें दिसतें, पण अंधारांत अतिनील दिव्याखालीं निळसर पांढरें चमकतें. यावर सरकारी शोधाचीं कामें पूर्वींच होऊन गेलीं आहेत. डेगान्याची टेकडी शेतांच्या मध्यें उभी आहे. येथें शिरा बऱ्याच अंशीं शेतांच्या व झुडपी रानाच्या खालींच आहेत, म्हणून प्रश्न अधिक नाजूक. कुही तालुक्याच्या लोकांनीं गोसीखुर्दच्या धरणांत गांवें बुडतांना पाहिलीं आहेत. त्या धरणाची पायाभरणी १९८८ सालीं झाली, आणि पुनर्वसनाचे कज्जे त्यानंतर पिढीभर चालले. त्यांस करार आणि आश्वासन यांतील फरक आम्हीं समजावून सांगण्याची गरज नाहीं.

शेजारच्या भिवापुरी मिरचीचा लौकिक सर्वांस माहीत आहे. मिरची हें पाण्याच्या गुणाविषयीं चोखंदळ पीक. म्हणून आमचें त्या भागांतील सभासदांस सांगणें आहे कीं लिलावाची जाहिरात निघण्याची वाट पाहूं नये. गांवांतील सहा-आठ विहिरी व दोन-चार बोअर निवडून उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्यानंतर अशीं दोनदां त्यांचें पाणी सरकारमान्य प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें. फ्लोराइड, आर्सेनिक, आम्लता व एकंदर क्षार, एवढें तरी पाहावें. नमुना घेतांना ग्रामसेवक अथवा तलाठी यांपैकीं कोणी हजर असावा, बाटलीवर विहिरीचा गट क्रमांक व तारीख घालावी, आणि निकालाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरीं व एक सहकारी सोसायटीच्या कपाटांत राहावी. खर्च विहिरींच्या मालकांत वांटला तर माणशीं एका फवारणीहून अधिक येऊं नये. परवानेदाराचें यंत्र गांवांत आल्यानंतर घेतलेल्या नमुन्यास मात्र ही किंमत राहणार नाहीं.